सोडणे म्हणजे काय? : चिनी लाओ-त्से व आमचे विसोबा खेचर

गेल्या माघात वसमतेजवळच्या एका गावी अखंड हरिनाम सप्ताहात आमची सेवा होती. त्या दिवशीचे निरूपण त्यागावर होते आणि ते बरे रंगले, असे आमचे आम्हांस वाटले. कीर्तनानंतर दर्शनास आलेल्या मंडळींत एक शेतकरी गृहस्थ होते. हाताची बोटे हळदीने पिवळीधमक. पायांवर डोके ठेवून उठले आणि म्हणाले, "महाराज, दोन तास तुम्ही सोडा, सोडा म्हणून सांगायलात. पण सोडायचं काय, ते काही मला कळलं नाही. हळद काढून पडली आहे, उद्या कढई लागणार, माणसं सांगून ठेवलीत. तिला सोडू का?"

मंडळी हसली. आम्हीही हसलो आणि म्हणालो, "बाबा, हळद नाही सोडायची, अहंकार सोडायचा." उत्तर शास्त्रास धरून होते. पण ते त्यांच्या पदरात पडले नाही, हे चेहऱ्यावरून दिसले. आणि खरे सांगावयाचे तर ते आमच्याही पदरात पडलेले नव्हते. ते कसे कळले, तेही ओघाने सांगूच.

आमचा मुक्काम एका निवृत्त गुरुजींच्या घरी होता. हा प्रश्न त्यांनी ऐकला होता. रात्री त्यांनी कपाटातून एक हिंदी पुस्तक काढून आमच्या हाती दिले. चीन देशातील लाओ-त्से नावाच्या ज्ञात्याच्या 'ताओ-ते-चिंग' ग्रंथाचे ते भाषांतर. म्हणाले, "महाराज, हा मनुष्यही सोडा असेच सांगतो. बघा आपल्याशी जुळते का." आमचे शिक्षण संस्कृत पाठशाळेतले, चिनी ग्रंथाशी आमचा काय संबंध? पण झोप लवकर येत नाही, म्हणून चाळू लागलो.

ग्रंथ लहान आहे. अवघी 81 प्रकरणे, चिनी लिपीत सुमारे 5000 अक्षरे. परंपरा लाओ-त्से यांस इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकात ठेवते; विद्वानांस हा काळ मान्य नाही. मात्र 1993 साली चीनमध्ये एका जुन्या थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवर याच ग्रंथाचे भाग मिळाले, ते इसवी सनापूर्वी 300 च्या सुमाराचे ठरले आहेत. म्हणजे ग्रंथ जुना खराच. कथा अशी सांगतात की, राज्याची अवस्था पाहून हा वृद्ध गृहस्थ सर्व सोडून निघाला. सीमेवरच्या खिंडीत नाकेदाराने अडवून विनंती केली, जाता जाता काही लिहून द्या. त्याने लिहून दिले आणि पुढे गेला, तो कोठे गेला कोणास ठाऊक नाही.

'ताओ' या शब्दाचा अर्थ वाट, मार्ग. याविषयी एक गोष्ट वाचली आणि आम्ही अंथरुणावर उठून बसलो. ह्युएनत्संग हा चिनी यात्रेकरू आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात, हे पुष्कळांस ठाऊक असेल. तो परत गेल्यावर 647 साली चीनच्या सम्राटाने त्यास आज्ञा केली की, या ग्रंथाचे संस्कृत भाषांतर करावे. कामरूपच्या राजास ते हवे होते. तेव्हा ताओपंथी आचार्य म्हणाले, 'ताओ' यास 'बोधि' हा शब्द घाला. ह्युएनत्संग अडून बसला. म्हणाला, 'मार्ग' हाच शब्द खरा. वाट म्हणजे वाट. ते संस्कृत भाषांतर आज उपलब्ध नाही. एका शब्दासाठी असे भांडणारे पंडित आम्ही पाठशाळेत पाहिले आहेत, म्हणून आम्हांस हळहळ वाटली. आणि वारीच्या वाटेने चालणाऱ्यास 'मार्ग' हा शब्द परका कसा वाटेल?

आता मूळ विषय. लाओ-त्से म्हणतो, चाकाचे तीस आरे एका तुंब्यात येऊन मिळतात, पण चाक फिरते ते तुंब्याच्या मधल्या पोकळीमुळे. मडके मातीचे करतात, पण उपयोग होतो तो आतल्या रिकाम्या जागेचा. घराचेही तसेच, भिंती बांधतो, राहतो मोकळ्या जागेत.

वाचकहो, बैलगाडी ज्याने हाकली आहे त्यास हे फोडून सांगणे नको. आरे शिसवाचे असोत, धाव नवी असो. तुंब्याचे भोक बुजले तर आख शिरणार कोठून आणि गाडी चालणार कशी? पण आमचे लक्ष वेगळ्याच ठिकाणी गेले. त्या भोकास आमच्या प्राचीन भाषेत शब्द आहे 'ख'. 'ख' म्हणजे छिद्र, पोकळी, त्यावरून आकाश, आणि ज्योतिषगणितात 'ख' म्हणजे शून्य. चाकाच्या तुंब्यातले आखाचे भोक हाही त्याचा वेदकालीन अर्थ. काही व्युत्पत्तिकार तर 'सुख' व 'दुःख' हे शब्दही येथूनच आणतात: भोक नीट असले की गाडी सुखाने चालते, वाकडे असले की करकरते. आणि 'खे चरति इति खेचरः', म्हणजे जो पोकळीत वावरतो तो खेचर!

येथे आम्ही पुस्तक मिटले. कारण वसमतेस बसून खेचर म्हटले की औंढ्याचे विसोबा खेचरच डोळ्यांपुढे येणार. वसमत, औंढा नागनाथ आणि नामदेवरायांची नरसी ही तिन्ही पूर्वी परभणी जिल्ह्यात होती. 1 मे 1999 पासून हिंगोली जिल्ह्यात आहेत. सोडणे म्हणजे काय, याचा धडा आमच्या अंगणातच गिरवला गेलेला असून आम्ही तो चीनमध्ये शोधीत होतो.

कथा सर्वांच्या पाठातली आहे, म्हणून विस्तार करीत नाही. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेकाचे डोके थापटून पाहिले. सर्व सोसून बसले; नामदेवराय तेवढे चिडले. काका म्हणाले, हे मडके कच्चे. नामदेवराय रुसून विठोबाकडे गेले, तर देवानेही गुरू करण्यास सांगितले. ते औंढ्यास आले. पाहतात तो एक म्हातारा शिवाच्या पिंडीवर पाय टाकून पडलेला. नामदेवराय म्हणाले, पाय काढा. विसोबा म्हणाले, बाबा, मला उचलवत नाहीत, जेथे देव नसेल तेथे तूच उचलून ठेव. जेथे ठेवावे तेथे पिंड.

देव सर्वत्र आहे, एवढाच अर्थ आपण सहसा सांगतो. आम्हीही 40 वर्षे तोच सांगत आलो. पण मंडळी, जरा थांबून बघा. नामदेवराय काय धरून बसले होते? वाईट काही नव्हते हो! धन नव्हते, मान नव्हता. धरले होते ते प्रत्यक्ष विठोबास. माझा देव, माझ्याशी बोलणारा, माझ्या हातून जेवणारा, पंढरीतच उभा असलेला. दोष देवात नव्हता, भक्तीतही नव्हता. 'माझा' या अक्षरांत होता. आणि विसोबांनी काय केले? वाद केला नाही, ओवी म्हटली नाही, पायसुद्धा आपला ठेवला नाही. तो नामदेवरायांच्या हातात दिला, आता तूच ठेव कोठे ठेवायचा तो. गुरू इतका मोकळा होता की शिष्याचे 'माझे' त्याच्यात कशावरच आदळेना, म्हणून ते गळून पडले. हेच विसोबा पूर्वी आळंदीत त्या भावंडांचा द्वेष करणारे चाटी होते, हे ध्यानात घ्या. भरलेला मनुष्य रिकामा होऊ शकतो, याचा पुरावा दुसरा कोणता हवा?

येथे कोणी शंका घेईल की, असे सोडले तर मनुष्य निष्क्रिय होईल. चिनी ग्रंथातही 'वू-वेइ' म्हणून शब्द आहे, त्याचा शब्दशः अर्थ 'न करणे' असा होतो, आणि आळशास तो फार आवडेल. परंतु गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी ही वाट आधीच बंद करून ठेवली आहे: कर्म न आरंभिल्याने नैष्कर्म्य मिळत नाही. लाओ-त्सेचेही म्हणणे तेच दिसते. पाणी काही 'करीत' नाही, पण सखल जागा धरते, कोणाशी भांडत नाही आणि सर्वांस जगवते. नामदेवरायांचे पाहा. परंपरेने त्यांचा काळ 1270 ते 1350. मडके भाजल्यावर ते औंढ्यास बसून राहिले का? पंजाबात घुमानपर्यंत गेले. शिखांच्या ग्रंथसाहेबात आज त्यांची 61 पदे आहेत. आणि शेवटी मागितले काय, तर महाद्वाराची पायरी. पाण्यासारखी सखल जागा.

लाओ-त्से आणि वारकरी पंथ एकच, असे मात्र आम्ही म्हणत नाही. त्याच्याकडे नाम नाही, सगुण मूर्ती नाही, संतांचा मेळा नाही. दाराबाहेर पाऊल न टाकता सर्व जाणता येते, असे तो म्हणतो. शेजारच्या गावचा कोंबडा ऐकू यावा, पण तेथे जाण्याची इच्छा होऊ नये, हे त्याचे आदर्श गाव. आषाढीस हे कोण ऐकणार? पण तुंब्याचा दृष्टांत त्याचा खरा आहे, आणि दृष्टांत जेथून मिळेल तेथून घ्यावा.

आता आमची गोष्ट. त्या गावी काल्याचे कीर्तन 19 वर्षे आमच्याकडे होते. सप्ताहाच्या पाचव्या दिवशी गावकरी मंडळी हात जोडून आली. "महाराज, यंदा काला धाकट्या महाराजांना द्यावा म्हणतो. तुमच्या घशाला ताण नको. तुम्ही समोर बसा, आशीर्वाद द्या." धाकटे महाराज म्हणजे आमचाच विद्यार्थी. बारा वर्षांचा असताना आला, आमच्याच घरी वाढला. आम्ही तोंडाने म्हणालो, "फार छान, फार छान." आणि रात्रभर तळमळलो. कोण कोण यामागे असेल याची यादी केली. त्याच्या चाली कोठे चुकतात तेही मोजले. ज्याने त्यागावर दोन तास निरूपण केले, त्याची ही दशा! औंढ्यास असताना नामदेवरायांस देवळासमोरून उठविले, तर ते मुकाट्याने मागे जाऊन कीर्तनास उभे राहिले आणि देऊळ फिरले, अशी कथा आहे. पाठीमागचा नंदी दाखवून तेथे ती आजही सांगतात. ती कथा आम्ही किती वेळा रंगवली असेल! आमच्याच्याने गादी सुटेना.

पहाटे तीनच्या सुमारास उठून देवळात गेलो. पहाऱ्याची वेळ बदलत होती. पाहतो तो वीणा घ्यायला आमचा तो हळदवाला गृहस्थ उभा. आधीच्या विणेकऱ्याने वीणा त्याच्या गळ्यात घातली, दोघे एकमेकांच्या पाया पडले आणि नाम चालू राहिले. सप्ताहात वीणा सात दिवस भुईवर ठेवायची नसते, हे आपण जाणताच. पण ती एकाच्या गळ्यात ठेवायचीही नसते. हा दुसरा अर्धा भाग इतकी वर्षे डोळ्यांसमोर होता आणि दिसला नव्हता.

पाच वाजता त्याने वीणा पुढच्याच्या गळ्यात घातली. आम्ही बाहेर ओट्यावर बसलो होतो. म्हणालो, "बाबा, हळद शिजली का?"

"दोन कढया झाल्या महाराज. आता जातो, पोरगा एकटा आहे जाळापाशी. आता पंधरा दिवस उन्हात वाळू घालायची. एवढा ढीग दिसतो, पण वाळून पाचवा हिस्सा उरतो. पाणीच असतं सगळं."

"आणि बेणं?"

"ते आधीच बाजूला काढलं. शिजलेलं थोडंच उगवतं?"

आम्ही म्हणालो, "परवा तुम्ही विचारलंत, सोडायचं काय. आत्ता गळ्यातली वीणा जशी दिलीत, तसं सोडायचं. खाली नाही ठेवायचं."

ते थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ते होय! ते तर आम्ही रोजच करतो की." आणि चपला शोधून निघून गेले.

काल्याच्या दिवशी आम्ही टाळकऱ्यांच्या मागल्या रांगेत टाळ घेऊन उभे राहिलो. समोर बसा म्हणून मंडळींनी पुष्कळ आग्रह केला. विद्यार्थी चांगला बोलत होता. मध्येच एका दृष्टांतावर तो अडला, शब्द हरवला, आणि सवयीने त्याची नजर आमच्याकडे आली. शब्द आमच्या जिभेवर होता. आम्ही टाळाकडे बघत राहिलो. मृदंगवाल्याने एक आवर्तन भरून काढले, टाळकऱ्यांनी ध्रुपद धरले. मग त्याने दुसराच दृष्टांत घेतला, आम्ही त्या ठिकाणी कधीही न घेतलेला, आणि तो आमच्यापेक्षा बरा बसला, हे कबूल केले पाहिजे.

हंडी फुटली तेव्हा आम्ही मागे होतो. पुढे येईतो दही संपले होते. आमच्या वाट्यास नुसत्या लाह्या आल्या.