पंप लावा, पण पेन घरात ठेवाच

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांचे आई-वडील हल्ली विचारतात, ‘डॉक्टर, आपोआप इन्सुलिन देणारा पंप लावायचा का?’ खर्च झेपत असेल तर लावा. साखर उतरेल या धास्तीने रात्री उठून मुलाचं बोट टोचणाऱ्या आईसाठी तर नक्कीच. त्वचेखालचा सेन्सर दर पाच मिनिटांनी साखरेचा आकडा पाठवतो आणि पंप त्यावरून इन्सुलिन कमी-जास्त करतो, गरज पडली तर थांबवतो.

हे तंत्र पुढे नेण्यात रुग्णांचा वाटा मोठा आहे. अमेरिकेतल्या डेना लुईस यांना स्वतःला टाइप १ आहे. सेन्सरच्या गजराने झोप मोडत नाही, म्हणून २०१३ मध्ये त्यांनी आधी तो गजर मोठा केला. २०१४ च्या अखेरीस त्यांचा पंप संगणकाच्या हिशेबाने आपोआप चालू लागला आणि २०१५ मध्ये तो आराखडा त्यांनी सर्वांसाठी खुला केला. कंपनीने बनवलेल्या अशा पहिल्या यंत्रणेला अमेरिकेत मान्यता मिळाली २०१६ मध्ये.

तरीही मिसळीबरोबर किती पाव खाणार, हे पंपाला खाण्याआधी सांगावंच लागतं. पावाची साखर रक्तात लवकर चढते, त्वचेखालचं इन्सुलिन मागून पोचतं.

मला खरी काळजी वाटते ती वेगळी. पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं. नळी दुमडली किंवा त्वचेतून निसटली, तर काही तासांतच रक्तात किटोन नावाची आम्लं वाढू लागतात. साखर २५० च्या वर गेली आणि पंपाने जादा डोस देऊनही उतरेना, तर किटोन तपासा, पेनने झटपट काम करणारं इन्सुलिन द्या आणि नळीचा संच बदला. उलट्या, पोटदुखी, धाप यांपैकी काहीही दिसलं तर तडक रुग्णालय गाठा.

दुसरी काळजी पावसाळ्यातल्या तुटवड्याची. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूरजवळच्या शिरोलीत महामार्ग कित्येक दिवस बंद होता, २०२१ मध्ये पुन्हा तेच. सेन्सर आणि नळ्या बाहेरून येतात. म्हणून मे महिन्यातच जादा संच, रक्ततपासणीच्या पट्ट्या आणि झटपट व दीर्घकाळ काम करणाऱ्या, अशा दोन्ही इन्सुलिनची पेनं घरात आणून ठेवा. पंप बंद पडला तर कोणतं इन्सुलिन किती द्यायचं, हे तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. वीज गेली तर इन्सुलिन ओल्या मातीच्या भांड्यात, पाणी लागणार नाही असं ठेवा.

पंप परवडत नसेल तर मन खट्टू करून घेऊ नका. दिवसाला चार इंजेक्शनं आणि नियमित तपासणी यांवरही मुलं उत्तम वाढतात, तालमीतही घुमतात.