मेंदूची इजा : जीवरक्षण आणि कार्यक्षमता

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ व्यक्ती रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेले नव्हते. डोक्याला मार लागूनही जे वाचतात, त्यांची कार्यक्षमता कितपत टिकते, हा प्रश्नही विकासाच्या दृष्टीने तितकाच महत्त्वाचा आहे.

इजेचे स्वरूप

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते. तो प्राणवायू मात्र सुमारे २० टक्के वापरतो. आघाताच्या क्षणी होणारी प्राथमिक इजा भरून काढता येत नाही. त्यानंतर रक्तस्राव व सूज यांमुळे कवटीतील दाब वाढतो, प्राणवायू अपुरा पडतो आणि निरोगी पेशीही मरू लागतात. ही दुय्यम इजा होय. वेळीच उपचार मिळाल्यास ती बऱ्याच अंशी रोखता येते. श्वसनाचे नियंत्रण मस्तिष्कस्तंभाकडे असल्याने तेथील इजा प्राणघातक ठरते. मोठ्या मेंदूच्या डाव्या भागातील इजेमुळे उजवे अंग लुळे पडू शकते व बहुधा वाचाही बाधित होते. पुढील भागातील इजेमुळे निर्णयशक्ती व स्वभाव बदलतो. इजेची तीव्रता १९७४ मध्ये मांडलेल्या ग्लासगो कोमा मापनश्रेणीने ३ ते १५ गुणांत मोजतात. ८ किंवा कमी गुण म्हणजे गंभीर इजा.

दिल्लीतील उपाययोजना

दिल्लीत एम्सच्या जयप्रकाश नारायण ॲपेक्स ट्रॉमा सेंटरचे उद्घाटन २००६ मध्ये झाले. २०१४ मध्ये दिल्लीत शीख महिला वगळता अन्य महिलांनाही दुचाकीवर हेल्मेट सक्तीचे झाले. जखमींना मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांना सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बंधनकारक स्वरूप दिले. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने या संरक्षणास वैधानिक आधार दिला आणि इजेनंतरचा पहिला तास ‘सुवर्ण तास’ म्हणून परिभाषित केला. २०२५ च्या केंद्रीय योजनेनुसार अपघातग्रस्तास सात दिवसांपर्यंत कमाल दीड लाख रुपयांचे रोकडरहित उपचार मिळतात.

पुनर्वसनाचा प्रश्न

सात दिवसांच्या उपचारांनी जीव वाचू शकतो. चालणे, बोलणे व रोजगार परत मिळण्यास मात्र अनेक महिने लागतात. या काळात कमावत्या व्यक्तीचे उत्पन्न थांबते आणि शुश्रूषेसाठी अनेकदा घरातील दुसऱ्या व्यक्तीलाही काम सोडावे लागते. म्हणून हेल्मेट, तातडीचे उपचार व पुनर्वसन या तिन्ही टप्प्यांवर गुंतवणूक आवश्यक आहे. अशा धोरणाचे यश वाचलेल्या जिवांबरोबरच पुन्हा कामावर परतलेल्यांच्या संख्येवरही मोजले पाहिजे.