घाटवाट आणि संकरित मोटारीचे इंधन

प्रश्न : बऱ्हाणपूरहून असीरगडावरून इंदुरास जाताना सातपुड्याच्या चढउतारांवर हायब्रीड मोटारीचा पेट्रोलखर्च आटोक्यात कसा ठेवावा? – एक वाचक

उत्तर : चढणीवर बॅटरीची शिल्लक घटू लागताच चालकाचे मन अस्वस्थ होते हे खरे, परंतु 1400 किलो भाराची मोटार 100 मीटर उंच चढविण्यास निव्वळ 0.38 युनिट ऊर्जा लागत असून, ग्रँड विटारासारख्या मोटारींची बॅटरी एका युनिटाहूनही लहान असल्यामुळे, चढाचा मुख्य भार इंजिनानेच वाहणे प्राप्त आहे. तेव्हा केवळ विजेवर चढण्याचा हट्ट सोडून ॲक्सिलरेटर स्थिर ठेवावा आणि माथा जवळ येताच तो सैल करावा; बॅटरी तेथे थोडी रिकामी असणे इष्टच, कारण भरलेल्या बॅटरीनिशी उताराला लागणारा माणूस, आमच्या मते, येणे असलेली रक्कम स्वतःच नाकारतो.

उतारावर ब्रेक लवकर व हलका दाबावा, म्हणजे गाडीची ऊर्जा वीज होऊन बॅटरीत परत जाते. एकाएकी दाबल्यास बरीचशी ऊर्जा घर्षणाने उष्णता होऊन वाया जाते. बॅटरी भरूनही उतार संपला नसेल, तर गिअरच्या दांड्यावर ‘बी’ची सोय असल्यास ती वापरावी, म्हणजे इंजिनाचा अटकाव मिळतो. न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्याची जुनी खोड (ती पुष्कळांना काटकसर वाटते!) येथे दुहेरी नुकसानीची आहे : बॅटरी भरत नाही आणि ताबाही घटतो.

सपाट रस्त्याइतके मायलेज मात्र घाटात कोणत्याही तजविजीने मिळणार नाही.