मुतखड्याच्या ऑपरेशननंतरची नळी : तारीख आणि बिल

मुतखड्याचं ऑपरेशन अकोल्याला किंवा नागपूरला होतं. दुखणं थांबतं, माणूस अनसिंगला परततो आणि सोयाबीनच्या सोंगणीला लागतो. आत एक नळी ठेवलेली आहे, हे मात्र कधी कधी घरात कुणाच्याच ध्यानात राहत नाही.

या नळीला डीजे स्टेंट म्हणतात. तिचं एक टोक किडनीत आणि दुसरं मूत्राशयात असतं. सूज उतरेपर्यंत लघवी वाहती राहावी म्हणून ती ठेवतात आणि बहुधा काही आठवड्यांत काढतात. महिनोन्महिने तशीच राहिली तर तिच्यावर खडे जमतात, जंतुसंसर्ग होतो, किडनीही निकामी होऊ शकते. वेळेवर काढायला सहसा चिरा लागत नाही. लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून ती ओढून घेतात आणि बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात.

गाडी अडते ती पैशापाशी. बिलाच्या हिशेबात नळी टाकणं आणि काढणं ही दोन वेगळी कामं असू शकतात. म्हणून ‘ऑपरेशन योजनेत झालं’ एवढ्यावर थांबू नका. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार झाले असतील, तर सुट्टी होण्याआधीच आरोग्यमित्राला विचारा : नळी काढणं याच पॅकेजमध्ये आहे का? नसेल तर वेगळी मंजुरी कोण घेणार? नीट उत्तर मिळालं नाही तर १५५३८८ या क्रमांकावर फोन करा.

खाजगी दवाखान्यात तपशीलवार बिल मागा. तो रुग्णाचा हक्क आहे. अमेरिकेत ५२३१० या एकाच कोडमध्ये दुर्बीण घालणं आणि साधेपणानं स्टेंट काढणं दोन्ही येतं. आपल्या बिलात या दोन्हींचे पैसे वेगवेगळे लावले असतील, तर कारण विचारायला संकोच करू नका.

नळी काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या आणि घरच्या कॅलेंडरवरही मांडा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांचं कार्ड वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींनी विहारात बसून वाचून द्यावं, असं आम्हाला वाटतं.

थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली किंवा रक्ताच्या गाठी पडल्या, तर तारखेची वाट पाहू नका. कार्ड घ्या आणि लगेच दवाखाना गाठा.