निसर्गचित्रकार आबालाल रहिमान

निसर्ग हा चित्राचा स्वतंत्र विषय होऊ शकतो काय? आपल्याकडील जुन्या लघुचित्रांत वृक्ष, मेघ, नद्या विपुल आहेत. परंतु बहुधा राधाकृष्णांची किंवा राजपुरुषांची पार्श्वभूमी म्हणून. अमेरिकेत थॉमस कोल (१८०१-१८४८) यांनी हडसन नदीच्या खोऱ्यातील अरण्यालाच चित्राचा नायक केले. महाराष्ट्रात ज्यांनी निसर्गाकडे असे निष्ठेने पाहिले, त्यांत कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

त्यांच्या घराण्यात कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याची परंपरा होती. रेषेची ती शिस्त घेऊन ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. १८८८ साली त्यांना व्हाइसरॉयचे सुवर्णपदक मिळाले. पुढे छत्रपती शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार म्हणून त्यांनी काम केले. तथापि त्यांचे मन रमले ते रंकाळा, पंचगंगेचा घाट आणि कोटितीर्थ तलाव यांत. या तलावाच्या काठीच त्यांचे वास्तव्य होते.

एकच पाणी पुनःपुन्हा का रंगवावे? कारण ते एकच नसते. सकाळी करडे दिसणारे पाणी दुपारी पांढरे होते, संध्याकाळी तांबूस. जलरंगात तर पांढरा रंग लावायचा नसतो. कागदच कोरा राखून प्रकाश दाखवायचा असतो. ऊन सरकण्यापूर्वी काय सोडायचे, हे ठरवावे लागते. हा निर्णय घाईने होत नाही. वर्षांच्या निरीक्षणातून तो हाताला सुचतो.

१९२२ साली शाहू महाराज निवर्तले. त्या शोकात आबालालांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात टाकली, असे सांगितले जाते. १९३१ साली त्यांचे निधन झाले. जी थोडी चित्रे उरली, त्यांवर आज आपणांस समाधान मानावे लागते.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. जून २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा सर्वांच्या नजरा तिकडे वळल्या. परंतु त्या पाण्याचा रंग थोडाफार तर रोजच बदलतो. तो टिपण्यासाठी सुवर्णपदक लागत नाही; रंगपेटी, कागद आणि काठावर पुनःपुन्हा जाऊन बसण्याची चिकाटी लागते. आबालालांचा हा धडा आपल्यापैकी एखाद्याने तरी गिरवावा.