एमएसची शंका आली, तर आधी पैसे कशावर घालावेत?

एका डोळ्याने अचानक धूसर दिसतं, डोळा फिरवला की दुखतो. किंवा कमरेखाली मुंग्या येतात, तोल जातो आणि काही आठवड्यांत सगळं आपोआप ओसरतं. वय बहुधा वीस ते चाळीस, आणि पुरुषांपेक्षा बायकाच जास्त. घरात निदान ठरलेलंच असतं: अशक्तपणा, बी-१२ कमी, मणक्यात गॅप. मग चष्मा बदलतो, इंजेक्शनं होतात, फक्त कमरेचा एमआरआय होतो. मज्जारज्जू कमरेच्या वरच संपतो, त्यामुळे त्या फिल्ममध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) बहुधा दिसतच नाही. ते पैसे वाया गेले.

म्हणून पहिला खर्च न्यूरोलॉजिस्टचा करा. पुण्या-मुंबईत खासगी तपासणीला ढोबळमानाने हजार ते दोन हजार रुपये लागतात. त्यांनी सांगितलं तर मेंदू आणि मज्जारज्जूचा कॉन्ट्रास्टसह एमआरआय एकदाच, नीट करून घ्या. खासगी केंद्रात त्याचे साधारण वीस ते तीस हजार होतात. केंद्रागणिक दर बराच बदलतो, म्हणून कॉन्ट्रास्टचं औषध धरून एकूण किती, हे दोन-तीन ठिकाणी विचारा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात खर्च फार कमी, पण तारीख उशिरा मिळू शकते. सीडी जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक एमआरआयची तुलना तिच्याशीच होणार आहे. पाठीतून पाणी काढून करायची तपासणी आणि एमएससारख्याच दिसणाऱ्या आजारांसाठीच्या रक्तचाचण्या यांना आणखी काही हजार लागतात. त्या प्रत्येकाला लागतातच असं नाही.

अशा लक्षणांचा झटका आला की तीन ते पाच दिवस शिरेतून स्टेरॉइड देतात. त्याने बरं वाटतं आणि अनेक जण तिथेच थांबतात. हीच सगळ्यात महागडी चूक. स्टेरॉइड झटका आवरतं, आजार नाही. पुढचे झटके कमी करणारी औषधं वेगळी असतात आणि ती लवकर सुरू झाली तर अपंगत्व लांबणीवर पडतं. टेरिफ्लुनोमाइड, डायमिथाइल फ्युमरेट यांच्या भारतीय जेनेरिक गोळ्या महिन्याला काही हजारांत मिळतात, काही इंजेक्शनं मात्र वर्षाला लाखांत जातात. मूल हवं असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, कारण गरोदरपणात टेरिफ्लुनोमाइड चालत नाही.

ओपीडीत केलेला एमआरआय साध्या आरोग्यविम्यात सहसा बसत नाही. पण त्याच आजारासाठी लगेच भरती व्हावं लागलं, तर पॉलिसीनुसार भरतीपूर्व खर्चात तो मागता येतो. त्यासाठी चिठ्ठी आणि मूळ बिल हवं. क्रिटिकल इलनेस पॉलिसी असेल तर त्यातली व्याख्या वाचा: त्रास सलग सहा महिने टिकल्याची नोंद लागते, म्हणून प्रत्येक भेटीत लक्षणं लिहूनच घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजार नावानिशी आहे. चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असेल तर प्रमाणपत्रासाठी अर्ज करा.