भिंतीला लागलेल्या कपाटाला ओल

प्रश्न : आमच्या रत्नागिरीच्या घरात पश्चिमेच्या भिंतीला लागून बसवलेल्या कपाटात दर पावसाळ्यात कपड्यांना बुरशी येते. काय करावे?

उत्तर : आधी ओल कुठून येते ते पाहा. कपाटामागच्या भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवसांनी बघा. प्लास्टिकच्या मागे पाणी दिसले तर भिंत झिरपते आहे. पुढच्या बाजूला दवासारखे थेंब दिसले तर खोलीतल्या दमट हवेतले पाणी थंड भिंतीवर साचते आहे.

कोकणात बहुधा पहिलेच कारण निघते, कारण नैर्ऋत्येचा पाऊस पश्चिमेच्या भिंतीवर थेट आपटतो. अशा वेळी आतून वॉटरप्रूफ रंग लावू नका, पाणी भिंतीतच राहते आणि पोपडे सुटतात. उन्हाळ्यात, भिंत कोरडी असताना, बाहेरच्या भेगा आणि खिडकीच्या कडा बुजवून बाहेरूनच लेप द्या.

दोन्ही प्रकारांत कपाटाला हवा हवीच. पाठीची फळी भिंतीपासून दोन इंच पुढे घ्या, वर आणि खाली जाळी ठेवा. भिंतीला चिकटलेली पाठ हेच माझ्या मते मूळ दुखणे. नवे कपाट करणार असाल तर एमडीएफ टाळा, ते पाणी शोषून फुगते. आयएस ७१० शिक्क्याचे, म्हणजे पाण्याला टिकणारे, प्लाय घ्या. कॅल्शियम क्लोराईडचे डबे बंद कपाटातला दमटपणा ओढतात, झिरपणे थांबवत नाहीत. कपडे पूर्ण वाळल्याशिवाय आत ठेवू नका. बुरशी पुसताना नाकावर मास्क बांधा, घरात दम्याचा रुग्ण असेल तर त्याला त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसवा.